व साथीदार

लाज ही गोष्ट माझ्या स्वभावात फारशी नव्हती. इंजिनीअरिंग कॉलेजात अठरा वर्षं शिकवल्यावर माणूस निगरगट्ट होतो. तीनच पोरं बसलेल्या वर्गात मी पूर्ण तास घेतलेला आहे आणि शेवटी 'काही शंका?' असंही विचारलेलं आहे. पण गेलं वर्षभर एका गोष्टीची मला इतकी लाज वाटते आहे की जिन्यातून खाली उतरतानासुद्धा मी आधी कानोसा घेतो. गोष्ट तशी लहान आहे. एक नाव घ्यायचं होतं, ते मी घेतलं नाही.

मी मूळचा सांगलीचा. नोकरीसाठी इंदूरला आलो आणि इथलाच झालो; म्हणजे पोह्यांबरोबर जिलबी खाताना आता मला काही वाटत नाही. राजवाड्याकडून सराफ्याकडे जाताना एका बोळात जुन्या ग्रामोफोनचं दुकान आहे. तिथे मला महूच्या कुठल्याशा बंगल्यातून निघालेला एक खोका मिळाला. सात तबकड्या होत्या. नाट्यगीतं असतील म्हणून घरी आणल्या, तर निघालं अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखाचं संगीत. त्याला ब्लूग्रास म्हणतात हे मला नंतर कळलं. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि उभा धरायचा मोठा बास. ढोल नाही, तबला नाही, विजेवर चालणारं काही नाही, आणि तरी वेग असा की ऐकणाऱ्याला धाप लागावी. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, फक्त वाजवणाऱ्याचा हात गावरान.

पहिल्या पहिल्या मुद्रणांच्या वेळी ही मंडळी एकाच माईकभोवती गोळा होत. ज्याची पाळी असेल तो पुढे सरके, आठ-दहा सेकंद जीव ओतून वाजवे आणि मागे होई. तोवर दुसरा पुढे आलेला असे. हे वाचल्यापासून मला त्या तबकड्यांमध्ये माणसांची ये-जा ऐकू यायला लागली. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर मात्र नाव एकट्या म्होरक्याचं. खाली बारीक अक्षरात 'आणि त्याची पोरं' अशा अर्थाचं काहीतरी. बँजो कुणाचा, फिडल कुणाचं, तो अवजड बास धरून कोण उभा होता, याचा पत्ता नाही.

मला याचा भयंकर राग आला. मला राग लवकर येतो, आणि तो लांबच्या लोकांसाठी आला की फारच शोभून दिसतो. मी जगभरच्या हौशी संग्राहकांच्या एका गटात शिरलो. कोणत्या तबकडीवर कोण वाजवतंय हे शोधून काढणं एवढाच त्या गटाचा उद्योग. जुने फोटो, स्टुडिओतली टिपणं, म्हाताऱ्या वादकांनी सांगितलेल्या आठवणी, आणि यातलं काहीच हाती नसेल तर शेवटी कान. मी तिथे तावातावाने लिहायचो की या बिननावाच्या वादकांवर अन्याय झाला आहे. अजूनही ते सगळं तिथे आहे. मी ते वाचत नाही.

माझ्या खोक्यातल्या दोन तबकड्या एकाच वाद्यवृंदाच्या होत्या, काही महिन्यांच्या अंतराने मुद्रित केलेल्या. पहिलीतला बँजोवाला कोण हे ठरलेलं होतं. दुसरीबद्दल कुठेच कागद नव्हता. शिवाय दुसरी अर्ध्या सुराने वर वाजत होती. मी पडलो इंजिनीअर. मी म्हटलं, मुद्रण करताना यंत्र हळू फिरलं असणार, म्हणून आता तबकडी पळते आहे. संगणकावर घेतली आणि वेग कमी करून खाली ओढली. सूर जुळले. मग बँजो ऐकला तर तो जडशीळ, पहिल्यापेक्षा अगदी वेगळा. मी गटात जाहीर करून टाकलं की हा दुसराच माणूस आहे. तिकडे थोडी वादावादी झाली, आणि वादावादीत मला मजा येते.

खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण राहतात. मी त्यांना काकू म्हणतो. त्या मला प्रोफेसरजी म्हणतात. त्यातला 'जी' आदराचा किती आणि चेष्टेचा किती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. घराणं जुनं इंदुरी मराठी, आजोबा संस्थानाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. काकूंनी स्वतः चाळीस वर्षं गाणाऱ्यांना व्हायोलिनची साथ केली होती. चार वर्षं त्यांच्या डोक्यावर राहून मला यातलं काही माहीत नव्हतं. भजनी मंडळात जात असतील एवढाच माझा अंदाज.

एका रविवारी सकाळी त्या भुट्ट्याचा कीस घेऊन वर आल्या. मी माझी ती खाली ओढलेली तबकडी ऐकत बसलो होतो. दारातच थांबल्या.

"प्रोफेसरजी, हा माणूस बीमार आहे का?"

"कोण?"

"हा गाणारा. बेचारा झोपेतून उठवून आणल्यासारखा गातोय."

मी त्यांना यंत्र, वेग, अर्धा सूर वगैरे समजावून सांगितलं. वर्गात सांगतो तसंच, थोडं सावकाश. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वाटी टेबलावर ठेवली.

"पहिले जसं होतं तसं लावा बरं."

मी लावलं. मग पहिली तबकडी लावली. मग पुन्हा दुसरी.

"हेच सही आहे," त्या म्हणाल्या. "गळा बघा ना त्याचा. दोन्हीकडे तोच गळा आहे. तुम्ही खाली ओढता तर तो फुगतो. रेकॉर्ड नाही पळत आहे, यांनी वाद्यंच चढवलीयत."

"सगळ्यांनी? अर्धा सूर? कशाला?"

"आम्ही नाही का चढवायचो! हातोदला मंडीच्या मैदानात प्रोग्राम होता, माईक एकच, तो पण खरखर करणारा. तार अर्धा सूर चढवली की आवाज कसा कापत जातो, एकदम मागच्या लाईनपर्यंत. आणि हे ऐका, हे. फिडलवाल्याचं बोट नाहीये इथे, खुली तार आहे. तिकडच्या रेकॉर्डमध्ये खुली तार पांढरी पाच बोलते, इकडे काळी चार, म्हणजे अर्धा सूर वर. मतलब तार चढवलेली आहे. सीधी बात आहे."

सीधी बात होती खरी. माझं तोंड मात्र वाकडं झालं असणार, कारण त्या हसल्या.

"मग बँजोवाला?" मी विचारलं.

"तो तर एकच आहे, दोन्हीकडे. अंगठा ऐका ना त्याचा."

ब्लूग्रासमधला बँजो अंगठा आणि दोन बोटं अशा तिघांनी वाजतो, एकामागून एक, इतक्या भराभर की मला नुसती पावसाची सर आल्यासारखं ऐकू येतं. काकूंना त्यातला अंगठा वेगळा ऐकू येत होता. "जरासा घाईत आहे. बोटांच्या आधी पोचतो. बस, जरासा. ज्याची त्याची सवय असते, ती लपत नाही."

"हो, हो," मी म्हणालो. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

पुढचे तीन रविवार त्या वर येत राहिल्या. दुसऱ्या रविवारी व्हायोलिन घेऊन आल्या, दिवाणावर मांडी घालून बसल्या, त्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवलं आणि गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडत मला तो अंगठा दाखवला. तिसऱ्या रविवारी त्यांनी जुन्या डायरीच्या एका पानावर दोन्ही तबकड्यांतल्या बारा जागा लिहून दिल्या. सत्तेचाळिसावा सेकंद, अंगठा आधी. एक मिनिट बारा, परत तसंच. अक्षर कसं सुबक. मी त्या बारा जागांचा आवाजाचा आलेख संगणकावर मोठा करून पाहिला, तेव्हा बाराही ठिकाणी अंगठा दिसला. दिसला, ऐकू नाही आला.

त्याच दिवशी त्यांनी मला एक कॅसेट दाखवली. भावगीतांची, इथेच इंदुरात मुद्रित केलेली, त्यांच्या ऐन उमेदीतली. वेष्टनावर गायिकेचं नाव, संगीतकाराचं, ध्वनिमुद्रकाचं, फोटो कुणी काढला त्याचंसुद्धा. आणि शेवटी, 'व साथीदार'.

"हे मी," काकू त्या दोन शब्दांवर बोट ठेवून म्हणाल्या आणि खूप हसल्या. मीही हसलो. मग त्यांनी ते वेष्टन पदराने पुसून परत डबीत घातलं. इतकी वर्षं ती कॅसेट जपून ठेवली होती म्हणजे हसण्यासाठी नव्हती, एवढं माझ्यासारख्याला कळायला हरकत नव्हती.

मी गटात माझी चूक दुरुस्त करणारा मोठा लेख लिहिला. वाद्यं चढवलेली आहेत, गळा तोच आहे, बँजोवाला एकच, आणि पुरावा म्हणून या बारा जागा. त्यात इंग्रजीत एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा की 'बारकाईने ऐकल्यावर असे आढळून आले.' कुणाला आढळून आलं, ते मी लिहिलं नाही. इंदूरच्या माझ्या घरमालकीणबाईंनी सांगितलं असं लिहिलं तर लोक हसतील, असं मी स्वतःची समजूत घातली. खरं तर कुणी हसलं नसतं. ते सगळे रिकामटेकडे, प्रेमळ म्हातारे आहेत. उलट त्यांना आनंद झाला असता. मलाच ते श्रेय माझ्याकडे ठेवायचं होतं. त्यांनी माझ्या कानाचं इतकं कौतुक केलं की दोन दिवस मी कॉलेजात शीळ घालत फिरलो.

मग इथल्या आमच्या श्रवण मंडळाने मला बोलावलं. दर महिन्याला एका रविवारी सकाळी पंचवीस-तीस माणसं जमतात, कुणीतरी जुनं काही ऐकवतं, मग पोहे. मी विषय दिला, 'लेबलवर नसलेली माणसं'. हो, खरंच हाच दिला.

काकूंना मी जिन्यातच सांगितलं, "यायचंच बरं का. तुमचं नाव घेणार आहे मी."

"छे, कशाला उगीच," त्या म्हणाल्या. आणि दोन दिवसांत तीनदा विचारलं की किती वाजता आहे.

त्या दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मोतिया रंगाची रेशमी साडी, केसांत अबोलीची वेणी. शेजारी त्यांची सून, बँकेत काम करणारी, मोजकं बोलणारी. तिने सुरुवातीपासून मोबाईल हातात धरला होता. मी बोलायला लागलो आणि चांगलाच बोललो, ते खोटं कशाला सांगू. एका माईकभोवतीची ती ये-जा मी हातवारे करून दाखवली. आठ-दहा सेकंदांसाठी पुढे येणारा आणि मागे गेल्यावर कायमचा पुसला जाणारा माणूस, त्याच्याबद्दल बोलताना माझा स्वतःचा गळा भरून आला. मग पडद्यावर बारा जागांचा तक्ता आला. काकूंच्या पानावरचाच, पण मी तो सुबक टंकलेला आणि खाली माझं नाव.

सुनेने मोबाईल उंच धरला. मला स्टेजवरून ते दिसत होतं. मी एकेक जागा ऐकवत गेलो. पाचवी, सहावी. तिने हात बदलला. बारावी जागा झाली, मी पुढचं चित्र लावलं, आणि तिने मोबाईल हळूच मांडीवर ठेवला.

मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर आज मला हे लिहावं लागलं नसतं. नाव जिभेवर होतं, आणि प्रत्येक वेळी वाटत होतं की आता नको, आता रंग चढलाय, शेवटी घेऊ.

शेवटी मागच्या रांगेतला एक गृहस्थ उभा राहिला. "गजब है भिया! पर ये अंगूठा आपने पकड़ा कैसे?"

याहून सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारलेला नाही. मान जराशी डावीकडे वळवायची होती. मी वळवलीही. काकू माझ्याकडेच बघत होत्या आणि त्यांनी कुणी नाव पुकारल्यावर करतात तसा पदर सारखा केला.

"बस," मी म्हणालो, "ऐकता ऐकता कान तयार होत गेला."

टाळ्या पडल्या. काकूंनीही वाजवल्या.

खाली पोह्यांच्या रांगेत सुनेने मला गाठलं. "सर, आई दोन दिवस साडी ठरवत होत्या," ती म्हणाली. "पूर्ण व्हिडिओ आहे माझ्याकडे. घरी सगळ्यांना पाठवायचा होता." एवढंच बोलली. काकूंनी तिचा दंड धरला आणि म्हणाल्या, "अगं चल, पोहे गार होतात." माझ्याकडे बघून त्यांनी 'छान झालं' अशी मान हलवली. त्या मानेनेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नऊ दिवस मी त्यांना टाळलं. त्या दूध घ्यायला कधी बाहेर येतात हे मला पाठ होतं, त्यामुळे चुकवणं अवघड नव्हतं. कॉलेजात पोरांवर विनाकारण खेकसलो. दहाव्या दिवशी सकाळी खाली गेलो. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि म्हणालो, "काकू, माझं चुकलं. त्या दिवशी घाईगडबडीत तुमचं नाव राहून गेलं."

त्यांनी दोन-तीन काड्या खुडल्या. मग म्हणाल्या, "चाळीस साल साथ केली मी, प्रोफेसरजी. गाणारा विसरला तर कळतं मला, की हा विसरला. त्याचं काही वाटत नाही. पण तुम्ही बघितलं माझ्याकडे. बघितलं आणि मग बोललात."

माफी मागायला येतानाही मी खोटंच घेऊन आलो होतो. कान इतके गरम झाले की हात लावून बघावासा वाटला. "हो," मी म्हणालो. "बघितलं."

"तेच म्हणते."

"मी आजच घालतो नाव. गटात, लेखात, मंडळात पुन्हा उभा राहून सांगतो."

"नको."

"का पण?"

"आता ते माझ्यासाठी थोडीच होणार? तुम्हाला बरं वाटावं म्हणून होणार. त्या कामासाठी नाही देणार मी माझं नाव." आवाज चढलेला नव्हता. "त्या दिवशी घेतलं असतं ना, तर सही में खूप आवडलं असतं मला. घरच्यांनी कधी स्टेजवरून ऐकलं नाहीये माझं नाव." मग त्यांनी निवडलेल्या मेथीचा एक वाटा कागदात बांधून माझ्या हातात दिला. मी तो घेतला आणि वर येऊन ओट्यावर ठेवला.

गटात मी लिहिलं की हा शोध माझा नाही, इंदूरच्या एका ज्येष्ठ व्हायोलिनवादक बाईंचा आहे. लगेच कुणीतरी अगदी आदबीने विचारलं, त्यांचं नाव काय? मी लिहिलं, सांगता येत नाही. मग गटाच्या यादीतल्या त्या तबकडीच्या नोंदीत, वादक कुणी ओळखला या रकान्यात, माझंच नाव राहिलं. रकाना रिकामा ठेवायची त्यांच्याकडे पद्धत नाही. मंडळातही पुढच्या महिन्यात उभा राहून, नाव न घेता, तेच सांगितलं. लोक म्हणाले, किती मोठ्या मनाचा माणूस आहे. त्याचीही मला लाज वाटली. या लिखाणातही त्यांचं नाव नाही ते त्यांनी घालू दिलं नाही म्हणून. मग मी बाकी कुणाचंच घातलेलं नाही, माझंही नाही.

काकूंनी बोलणं सोडलं नाही. कीस येतो, दिवाळीला अनारसे आले. फक्त रविवारी त्या वर येत नाहीत.

गेल्या महिन्यात मला आणखी एक तबकडी मिळाली. त्याच वाद्यवृंदाची, पण अतिशय घासलेली. संगणकावर नुसती खरखर दिसते, माप घ्यायला काही जागाच नाही. बँजोवाला तोच की दुसरा, कळायला कान हा एकच मार्ग. मी दोन दिवस विचार केला, मग लाज गुंडाळून मोबाईलवर ती घेऊन खाली गेलो.

काकूंनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि डोळे मिटून सबंध तबकडी ऐकली. दुसऱ्या कडव्यानंतर बँजो पुढे आला तेव्हा त्यांच्या मांडीवरच्या हाताचा अंगठा एकदा हलला. मी टक लावून बघत होतो म्हणून दिसलं. म्हणजे त्यांना कळलं होतं.

"कोण वाटतो, काकू?"

त्यांनी चष्मा परत घातला. "मला काय कळतं यातलं, प्रोफेसरजी," त्या म्हणाल्या. "तुमचा कान तयार झालाय ना आता." आणि चहा टाकायला उठल्या.

टोमणा असता तर मी सोसला असता. त्यांनी ते एकदम साधेपणाने म्हटलं, जसं काही माझंच वाक्य माझ्या हवाली केलं. मी चहा घेतला, वर आलो आणि त्यांचा अंगठा जिथे हलला होता ती जागा लावली. पुन्हा लावली. दुपारपर्यंत तेवढे आठ-दहा सेकंद ऐकत बसलो. मला काहीच ऐकू आलं नाही.